खानदेशातील गांजाचे खटले : वजन, पंचनामा व शिक्षा

खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग आहे. तिच्या पायथ्याशी धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर हे तालुके वसले असून पलीकडे मध्य प्रदेशची हद्द लागते. मुंबई-आग्रा महामार्ग शिरपूरवरून सेंधव्याकडे जातो. सुरत-नागपूर मार्ग त्यास धुळ्याजवळ छेदतो. आणि नागपूर व इटारसीकडून येणारे लोहमार्ग भुसावळास एकत्र येतात. या भूरचनेमुळे येथील न्यायालयांपुढे अंमली पदार्थांचे मुख्यतः दोन प्रकारचे खटले येतात : एक लागवडीचे, दुसरे वाहतुकीचे. दोहोंत गांजा हाच प्रमुख पदार्थ होय. या खटल्यांची शिक्षा न्यायाधीशाच्या विवेकाने जितकी ठरते त्याहून अधिक ती जप्तीच्या दिवशी तराजूवर व पंचनाम्याच्या कागदावर ठरून जाते, हे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

गांजाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी सदैव आजच्यासारखी नव्हती. इ. स. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा चौकशी आयोगाच्या काळी खानदेशाला लागून असलेल्या निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या परिसरात, सरकारी देखरेखीखाली गांजाचे पीक निघत असे. आणि आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रण व कर यांचीच शिफारस केली. पुढे १९३० च्या घातक औषधी द्रव्ये अधिनियमात पहिल्या अपराधास जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने गांजासाठी व गांजाच्या लागवडीसाठी ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. खरा पालट झाला तो २००१ च्या दुरुस्तीने. त्या वेळेपासून शिक्षा पदार्थाच्या वजनाशी बांधली गेली.

आजची व्यवस्था अशी आहे. एक किलोपर्यंतचा गांजा हे 'अल्प प्रमाण' असून त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात. त्याहून अधिक, परंतु व्यापारी प्रमाणाहून कमी माल असल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. वीस किलो हा व्यापारी प्रमाणाचा उंबरठा. तो ओलांडला की किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. या किमान शिक्षेखाली उतरण्याचा अधिकार न्यायालयास नाही. कलम ३२-ब मध्ये शिक्षा ठरविताना विचारात घ्यावयाच्या बाबी दिल्या आहेत खऱ्या, परंतु त्या किमान मर्यादेहून अधिक शिक्षा देण्यासाठी आहेत. आरोपी मालाचा धनी आहे की मजुरीवर पोते वाहणारा हमाल, हा भेद त्यामुळे दहा वर्षांच्या खाली मुळी पोहोचतच नाही.

लागवडीच्या खटल्यांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कापूस-तुरीच्या उभ्या पिकांत लावलेली झाडे मुळांसकट उपटून त्यांचे एकत्र वजन केले, तर ते सहज क्विंटलांत भरते. तथापि कायद्यात लागवडीचा अपराध कलम २०(अ) खाली स्वतंत्र असून त्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. किमान मर्यादा नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा वा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांची सोबत नसलेली पाने व बिया तीत येत नाहीत. मुळे, खोड, माती व ओल यांसह केलेले वजन 'गांजाचे वजन' म्हणून नोंदले गेले, म्हणजे लागवडीचा आरोपी व्यापारी प्रमाणाच्या चौकटीत जाऊन पडतो. म्हणून शेंडे वेगळे काढून तोलले होते काय, हा प्रश्न जामिनापासून अपिलापर्यंत विचारला जातो.

जमिनीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. पायथ्याच्या अनेक क्षेत्रांत सातबाऱ्यावर वनखात्याचे नाव असते व प्रत्यक्ष कसणारा दुसराच असतो. कलम ५४ अन्वये, आरोपीने कसलेल्या जमिनीवर गांजाची झाडे आढळल्यास न्यायालय अपराधाचे गृहीतक करू शकते. परंतु ती जमीन त्यानेच कसली, ही पायाभूत वस्तुस्थिती प्रथम अभियोग पक्षाने सिद्ध केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली नूर आगा खटल्यात मांडलेल्या तत्त्वावरून निघते. तलाठ्याची साक्ष, मोजणीचा नकाशा आणि शेजाऱ्यांचे जबाब यांवाचून हा पाया उभा राहत नाही.

वाहतुकीच्या खटल्यांत ताबा सिद्ध करणे तुलनेने सोपे. तेथे कसोटी लागते ती कार्यपद्धतीची. मिळालेली खबर लेखी नोंदवून बहात्तर तासांत वरिष्ठास कळविणे कलम ४२ ने आवश्यक केले आहे. कर्नेलसिंग खटल्यात (२००९) घटनापीठाने तातडीच्या प्रसंगी विलंब क्षम्य मानला, पण संपूर्ण अवहेलना नव्हे. महामार्गावर अडविलेले खाजगी वाहन हे सार्वजनिक स्थळ नव्हे, असे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविल्याने हे बंधन रस्त्यावरील जप्तीलाही लागू पडते. याउलट कलम ५० हे अंगझडतीपुरतेच असल्याने पोत्यांतून सापडलेल्या मालास त्याचा आधार मिळत नाही. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्याची कलम ५२-अ ची पद्धत २०१६ पासून कटाक्षाने मागितली जाते. मात्र २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, या पद्धतीतील चूक तेवढ्यानेच खटला पाडीत नाही. तिच्यामुळे पुराव्याविषयी साधार संशय उत्पन्न व्हावा लागतो.

निकालापूर्वीचा काळ हीही एक प्रकारची शिक्षाच ठरते. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात तपासाची मुदत एकशे ऐंशी दिवस असून ती एक वर्षापर्यंत वाढविता येते. कलम ३७ प्रमाणे आरोपी दोषी नसल्याचे व तो पुन्हा अपराध करणार नसल्याचे मानण्यास सबळ कारण असल्यावाचून जामीन देता येत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने खटल्यास अवास्तव विलंब झाल्यास या कलमाचा अडसर उरत नाही असे सांगितले. त्यामुळे सत्र न्यायालयात नाकारलेला जामीन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे मागताना कोठडीचा काळ हा स्वतंत्र मुद्दा बनतो.

निव्वळ दोषसिद्धीचे प्रमाण पाहून या न्यायव्यवस्थेविषयी मत बनविणे, यास्तव, उचित नव्हे. एकाच कायद्याखाली एक आरोपी पंचनाम्यातील दोषामुळे पूर्ण सुटतो व दुसरा तराजूच्या काट्यावर दहा वर्षे भोगतो. या दोन टोकांमध्ये न्यायाधीशास फारसा अवकाश नाही. खानदेशातील निकालपत्रांच्या अभ्यासकाने म्हणून प्रथम तीन गोष्टी टिपाव्यात : तोललेली वस्तू नेमकी कोणती, ती कोणासमोर तोलली, आणि आरोपीचे त्या मालाशी वा जमिनीशी नाते कोणत्या पुराव्याने जोडले. शिक्षेच्या आकड्याचा अर्थ या तीन नोंदींवाचून लागत नाही.