उसन्या जोराची गिरकी: मघा तारा आणि त्याचा हरवलेला भागीदार

वऱ्हाडात मघा म्हटले की आधी पाऊस आठवतो. ऑगस्टच्या मध्यावर सोयाबीन फुलोऱ्यात असते, कपाशीला पात्या लागलेल्या असतात आणि अकोला-अमरावतीकडे ‘मघा लागल्या का?’ ही चौकशी सुरू होते. ज्या ताऱ्यावरून हे नक्षत्र ओळखतात, तो स्वतःभोवती किती भन्नाट वेगाने फिरतो, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याच्याविषयी आणि त्याच्या जातीच्या ताऱ्यांविषयी पसरलेले काही समज तपासून पाहू.

गैरसमज : मघांच्या पावसात आभाळ उघडले की मघा तारा दिसतो.

वस्तुस्थिती : पावसाचे नक्षत्र म्हणजे त्या दिवसांत सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. 22-23 ऑगस्टच्या सुमारास सूर्य या ताऱ्याला जवळजवळ खेटून जातो. त्यामुळे तारा सूर्याबरोबरच उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो आणि दिसत नाही. तो पाहायचा तर होळीच्या सुमारास रात्री दहा-अकराला. तेव्हा तो अमरावतीहून जवळपास डोक्यावर येतो. सिंह राशीत विळ्यासारखी आकृती दिसते. तिच्या मुठीशी चमकणारा निळसर पांढरा तारा म्हणजे मघा. अंतर सुमारे 79 प्रकाशवर्षे.

गैरसमज : तारे चेंडूसारखे गोल असतात.

वस्तुस्थिती : सूर्य जवळपास गोल आहे, कारण तो सावकाश फिरतो. त्याच्या विषुववृत्तावर एका फेरीला सुमारे 25 दिवस लागतात आणि तिथला वेग सेकंदाला 2 किलोमीटर एवढाच असतो. मघा आकाराने सूर्याच्या कितीतरी पट मोठा, तरी एक फेरी सुमारे 16 तासांत पुरी करतो. विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला 300 किलोमीटरहून अधिक. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या दुर्बिणींच्या संचाने त्याचा आकार मोजला आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कंबरेकडचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने जास्त. फुगलेला मधला पट्टा ध्रुवांपेक्षा काही हजार अंशांनी थंड आणि म्हणून मंदही. वेग आणखी थोडा वाढला, तर या पट्ट्यातला वायू ताऱ्याला धरून राहणार नाही.

गैरसमज : इतक्या जोराने फिरतो, म्हणजे तारा तरुण असणार.

वस्तुस्थिती : मघा ताऱ्याचे वय पूर्वी फार तर 20 कोटी वर्षे मानत. 2008 मध्ये त्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक कालाने मागे-पुढे सरकताना आढळल्या. एक अदृश्य जोडीदार 40 दिवसांत त्याच्याबरोबर फेरी पुरी करत होता. हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा निघाला, वस्तुमान सूर्याच्या जेमतेम तीन दशांश. एवढा हलका श्वेत बटू एकट्या ताऱ्यापासून बनायला विश्वाचे आजवरचे वयही पुरणार नाही. त्याचे बाहेरचे थर कुणीतरी काढून घेतलेले असले पाहिजेत आणि घेणारा शेजारीच आहे. 2009 मधल्या गणितानुसार सुरुवातीला आजचा श्वेत बटूच वजनदार होता : सूर्याच्या सुमारे 2.3 पट. मघा होता 1.7 पट. आज मघा 3.4 पटींच्या आसपास आहे. हा सारा व्यवहार धरला तर जोडीचे वय 100 कोटी वर्षांच्या घरात जाते.

गैरसमज : जोडीतला मोठा तारा लहान्याला ओरबाडतो.

वस्तुस्थिती : सुरुवात बहुधा उलटी होते. जास्त वस्तुमानाचा तारा इंधन लवकर संपवतो आणि आधी फुगतो. फुगता फुगता त्याचा बाहेरचा वायू दोघांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सीमेपर्यंत पोचला की तिथून लहान्याकडे वाहू लागतो. जोडी एकमेकांभोवती फिरत असल्याने हा प्रवाह सरळ मध्यावर पडत नाही, कडेने येतो. कुंभार दांडक्याने चाकाला काठाशी रेटा देतो, तसा रेटा घेणाऱ्या ताऱ्याला बसत राहतो. स्वतःच्या वस्तुमानाच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी भर पडली, तरी तारा फुटण्याच्या वेगाजवळ पोचू शकतो.

गैरसमज : वस्तुमान मिळाले की वेग मिळालाच.

वस्तुस्थिती : डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास चिखलदऱ्याच्या काळोखात उत्तरेकडे उंचावर ययाती तारकासमूह पाहा. त्यातला अल्गोल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो. जोडीतला फिका तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो म्हणून. हे स्पष्टीकरण 1783 मध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने सुचवले. अल्गोलमध्येही हलका ताराच जास्त म्हातारा दिसतो, कारण त्याने आपले वस्तुमान देऊन टाकले आहे. तरी घेणारा तारा गरगरत नाही. दोघे इतके जवळ आहेत की भरती-ओहोटीचे बल त्याला लगाम घालते आणि कक्षेच्या तालावर फिरवते. मघा आणि त्याचा जोडीदार आता लांब आहेत, म्हणून तिथला वेग टिकला. उलट, प्रत्येक वेगवान ताऱ्यामागे जोडीदार असतोच असे नाही. श्रवण तारा साधारण आठ-नऊ तासांत फेरी पुरी करतो आणि तो एकटा आहे.

गैरसमज : ही कथा साध्या ताऱ्यांपुरतीच.

वस्तुस्थिती : पल्सार म्हणजे फिरणारे न्यूट्रॉन तारे. सेकंदाला सुमारे 30 फेऱ्या घेणारा खेकडा तेजोमेघातला पल्सार 1054 मध्ये दिसलेल्या स्फोटातून जन्मला. त्यामुळे वेगवान पल्सार म्हणजे तरुण, असे तज्ज्ञही धरून चालत. 1982 मध्ये डोनाल्ड बॅकर यांच्या गटाला सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा पल्सार सापडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा बर्कलीत संशोधक विद्यार्थी होते आणि या गटात होते. या पल्सारभोवती ताज्या स्फोटाचे अवशेष नव्हते, त्याची गती अत्यंत हळू घटत होती. तरुणाची लक्षणे ही नव्हेत. त्याच वर्षी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी सुचवले की हा म्हातारा पल्सार जोडीदाराच्या वस्तुमानाने पुन्हा वेगात आला आहे. 1998 मध्ये जोडीदाराचा वायू ओढत असतानाच सेकंदाला 401 फेऱ्या घेणारा न्यूट्रॉन तारा सापडला आणि या कल्पनेला भक्कम पुरावा मिळाला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधलेला पहिला पल्सारही असाच, जोडीदार असलेला आणि सेकंदाला 200 फेऱ्या घेणारा.

642 फेऱ्यांचा तो पल्सार मात्र आज एकटाच आहे. मग त्याचा जोडीदार गेला कुठे, याचे उत्तर 1988 मध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका पल्सारने सुचवले : तो स्वतःच्या प्रारणाने आपल्या जोडीदाराची वाफ करतो आहे. ज्याने वेग दिला, त्यालाच असे संपवता येते. म्हणून आज जोडीदार दिसत नाही, एवढ्यावरून तो कधी नव्हताच, असे म्हणता येत नाही.