पोर्ट्रेटसाठी ५० की ८५ एमएम? लेन्स घेण्याआधी खोली मोजा

पोर्ट्रेट म्हटले की ८५ एमएमची प्राइम लेन्स, हा सल्ला सर्रास मिळतो. मुळात तो फुलफ्रेम कॅमेऱ्यासाठीचा. नवशिक्यांकडे बहुतेकदा लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर ५० एमएमचीच चौकट फुलफ्रेमवरच्या ७५-८० एमएमइतकी दिसते. ८५ एमएम थेट १३०च्या घरात जाते.

फरक कळतो घरात. कॅमेरा उभा धरून कमरेपासून वरचा फोटो घ्यायला ५० एमएमला साधारण सव्वादोन मीटर अंतर लागते, ८५ एमएमला साडेतीनहून जास्त. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तीनच मीटर! मग ३५ एमएम? चेहरा टिपायला फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे दिसते. दोष लेन्सचा नाही, अंतराचा.

एफ/१.४ साठी जादा पैसे मोजण्याची घाई नको. दीड मीटरवरून ८५ एमएम एफ/१.८ वर ठेवली, तरी जेमतेम दोन सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. मान जरा वळली की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर.

सेकंडहँड घेताना जास्त सांभाळा. निकॉन डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर बसते, पण ऑटोफोकस होत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेले पाहूनच पैसे द्या.

त्याआधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स ५० वर ठेवून आठवडाभर घरच्यांचे फोटो काढा. तिथेच मागे सरकायला जागा उरत नसेल, तर ८५चा विचार सोडा.