मद्यपानाची वयोमर्यादा खाली आणावी काय?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणास मत देता येते, करार करता येतो, सैन्यात भरती होता येते. मग मद्याचा पेलाच तेवढा त्याला निषिद्ध का असावा? हा प्रश्न न्यायाचा आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ तर्काने शोधण्याचे कारण नाही; एका मोठ्या देशाने हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७१ साली घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. ज्यांना व्हिएतनामच्या रणांगणावर धाडले जाते त्यांना मत का नसावे, असा त्यामागील युक्तिवाद होता. तोच न्याय मद्यालाही लावला गेला. १९७० ते १९७५ या काळात २९ घटक राज्यांनी मद्याची वयोमर्यादा खाली आणली. परिणाम लवकरच दिसू लागला. अशा अनेक राज्यांत तरुण चालकांचे मोटार-अपघात वाढल्याचे संशोधकांना आढळून आले. शेजारी राज्यांच्या मर्यादा भिन्न असत तेथे मुले सीमा ओलांडून पिण्यास जात आणि रात्री त्याच अवस्थेत मोटार हाकीत परत येत. अखेर १९८४ साली केंद्रीय कायदा झाला. २१ वर्षांची मर्यादा न पाळणाऱ्या राज्याच्या महामार्ग-अनुदानाचा काही भाग रोखला जाऊ लागला, आणि १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती मर्यादा स्वीकारली. त्यानंतर तरुणांचे अपघाती मृत्यू घटले.

याचे कारण शरीरशास्त्रात सापडते. मद्यातील मद्यार्क रक्तावाटे काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो व मज्जापेशींचे व्यवहार मंदावतो. विवेक आणि संयम यांचे नियमन मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते. आणि हाच भाग सर्वांत शेवटी, साधारणतः पंचविशीच्या सुमारास, परिपक्व होतो. मद्य ज्या संयमावर प्रथम घाला घालते, तो तरुणाच्या ठायी अद्याप घडतच असतो.

तथापि विरुद्ध पक्षाचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. २००८ साली शंभराहून अधिक अमेरिकन महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या प्रमुखांनी या मर्यादेचा फेरविचार करण्याचे आवाहन केले. बंदीमुळे पिणे थांबत नाही, ते बंद दाराआड जाते व अतिरेकी होते, असे त्यांना वाटत होते. शिवाय त्याच काळात आसनपट्ट्यांचा वापर वाढला व मद्यपी चालकांविरुद्धची कारवाई कडक झाली. म्हणून अपघातांतील सर्व घट एकट्या वयोमर्यादेच्या पदरी टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र हे घटक वेगळे काढून केलेल्या अनेक अभ्यासांतही मर्यादेचा लाभ शिल्लक राहिलेला दिसतो.

आपल्या राज्यघटनेने मद्याचा विषय राज्यांकडे सोपविला आहे. त्यामुळे येथेही मर्यादा निरनिराळ्या आहेत. केरळने २०१७ साली आपली मर्यादा २१ वरून २३ वर नेली. उलट दिल्लीने २०२१ साली ती २५ वरून २१ वर आणण्याचे जाहीर केले; पण ते धोरण पुढील वर्षीच मागे घेण्यात आले.

तर मग निर्णय कसा करावा? मताचा अधिकार व मद्याचा परवाना यांना एकाच मापाने मोजता येत नाही. चुकीचे मत पुढल्या निवडणुकीत सुधारता येते. रस्त्यावर गेलेला प्राण परत येत नाही. आणि तो प्राण पुष्कळदा पिणाऱ्याचा नसून समोरून येणाऱ्या निरपराध वाटसरूचा असतो. मर्यादा खाली आणू इच्छिणाऱ्यांनी प्रथम या हिशेबाचे उत्तर दिले पाहिजे. आणि ती राखू इच्छिणाऱ्यांनीही हे विसरू नये की, तरुणाला कारण न सांगता घातलेली बंदी फार काळ टिकत नाही.