चलनी नोट, भारतीय : सुरक्षाचिन्हे

चलनी नोट खरी असल्याची खात्री पटावी व तिची नक्कल अवघड व्हावी, यांसाठी कागद, शाई व मुद्रण यांत योजलेल्या खुणांना सुरक्षाचिन्हे म्हणतात. भारतासाठीच्या नोटा पूर्वी इंग्लंडमध्ये छापीत. नासिक रोड येथील मुद्रणालयात १९२८ पासून ही छपाई सुरू झाली व १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानने उत्तम प्रतीच्या बनावट भारतीय नोटा तयार केल्या. त्यामुळे जलचिन्हातील सहाव्या जॉर्जचा पार्श्वदर्शी चेहरा बदलून संमुख चेहरा घेण्यात आला आणि नोटेच्या कागदात सुरक्षा धागा प्रथमच घालण्यात आला.

हा कागद कापसाच्या तंतूंपासून करतात. लगद्याचा थर ओला असतानाच ठिकठिकाणी कमीजास्त जाड ठेवून जलचिन्ह उठवितात. ते उजेडासमोर धरल्यावर स्पष्ट दिसते. नुसत्या छपाईने छायाप्रकाशाचा असा परिणाम साधत नाही. ५०० रुपयांच्या २०१६ च्या नोटेतील धागा तिरपा धरल्यास हिरव्याचा निळा दिसतो. उत्कीर्ण मुद्रणात कोरलेल्या पत्र्याच्या खाचांतील शाई मोठ्या दाबाखाली कागदावर उतरते व तिच्या रेषा बोटांना उंच लागतात.

नोटेच्या मागील बाजूस मराठी व कोकणी धरून पंधरा भाषांत मूल्य छापलेले असते. भिल्ली त्यांत नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सु. ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अशा भागातील आठवडे बाजारात नोटेची ओळख अक्षरांपेक्षा रंग, चित्र व आकार यांवरूनच पटणार. २०१६ नंतरच्या मालिकेत रंग ठळकपणे वेगळे आहेत : शंभराची फिकट जांभळी, दोनशेची गडद पिवळी, पाचशेची करडी. अंध व्यक्तींची मात्र या मालिकेने अडचणच केली. आधीच्या मालिकेत शंभर व पाचशेच्या नोटांच्या लांबीत १० मिमी. फरक होता (१५७ व १६७ मिमी.). आता १००, २०० व ५०० च्या नोटा अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिमी. लांब असून रुंदी सर्वांची ६६ मिमी. आहे. चार मिलिमीटरांचा फरक घाईच्या व्यवहारात हाताला जाणवणे कठीण. कडेच्या उठावदार रेषा तसेच शंभरावरील त्रिकोण व पाचशेवरील वर्तुळ स्पर्शाने ओळखता येतात. परंतु नोट जुनी झाली की त्यांचा उठाव झिजतो आणि पन्नास व त्याखालील नोटांवर अशा खुणा नाहीत. या प्रश्नावर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन उपलब्ध केले. ते नोटेचे मूल्य बोलून सांगते. नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही.