कालियादेहपुढची क्षिप्रा

उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेच्या पात्रात एक बेट आहे आणि त्यावर कालियादेहचा महाल. माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळात नदीचे पाणी दगडी पाटांतून आणि कुंडांतून खेळवत तो बांधला गेला. जहांगीरही इथे येऊन गेला होता. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत उजाड झालेल्या या वास्तूची १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी डागडुजी केली. २०१६ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी इंदूरचे सांडपाणी उज्जैनचा स्नानाचा रामघाट टाळून कुठेतरी सोडायचे होते, तेव्हा जागा निवडली गेली ती याच कालियादेहपाशी.

हे सांडपाणी येते कान्ह नदीतून. इंदूरकर तिला खान म्हणतात. होळकरांच्या कृष्णपुरा छत्र्या तिच्याच काठावर आहेत. पुढे सांवेर रोडची औद्योगिक वसाहत आहे, आणि गावोगावचे मैलापाणी वाटेत मिळतच राहते. त्रिवेणीला, शनिमंदिराजवळ, हे सारे क्षिप्रेत उतरते. त्याच्याही वर देवासच्या कारखान्यांचे पाणी नागधम्मन नाल्यातून येते. रामघाट या दोन्हींच्या खालच्या अंगाला आहे.

नियम मोडणारे कारखाने आहेतच, पण मला अधिक अस्वस्थ करतो तो नियम पाळूनही न सुटणारा हिशेब. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, ते बीओडी या मापाने मोजतात. कारखान्याने नदीत सोडायच्या पाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे आणि स्नानाच्या पाण्यासाठी ३. म्हणजे कायदेशीर सांडपाण्याच्या एका भागालाही किमान नऊ भाग नितळ पाणी लागते. उन्हाळ्यातल्या क्षिप्रेकडे ते नसते. तिचा स्वतःचा प्रवाह जवळजवळ आटलेला असतो आणि पात्रात उरते ते बंधाऱ्यांनी अडवलेले साचपाणी.

अशा पाण्यात मासा विषानेच मरतो असे नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते आणि रात्री तेच तो ओढून घेते. पहाटे पाण्यातला साठा सर्वांत कमी असतो. रोहू-कटला तेव्हा तोंड वर काढून धापा टाकतात. थेट हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ आणि मागूर तगून राहतात. त्यामुळे नदीत मासे दिसतात आणि नदी जिवंत आहे असा समज टिकतो. प्रत्यक्षात एकेक जात निघून गेलेली असते. जड धातू तर मरणही उघड दाखवत नाहीत. ते गाळात बसतात, गाळातल्या किड्यांतून तळाच्या माशांत आणि माशांतून माणसांत जातात.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. नर्मदेचे पाणी साडेतीनशे मीटरच्या आसपास उपसून क्षिप्रेच्या उगमाशी आणणारी योजना २०१४ मध्ये सुरू झाली. पण एवढ्या उंचीवर पाणी चढवणे खर्चाचे, आणि ते पर्वस्नानांच्या तारखा पाहून सोडले जाते. जानेवारी २०१९ च्या शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर भाविकांना चिखलात स्नान करावे लागले, तेव्हा विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघांनाही हटवण्यात आले. भाविकांचे हाल झाले की खुर्च्या हलतात. माशांना मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पाणी लागते.

दुसरा उपाय वळवण्याचा. पिपलिया राघोपासून कालियादेहपर्यंत सुमारे १९ किलोमीटर नळवाहिनी टाकली गेली. पावसाळ्यात कान्ह फुगली की तिचे पाणी या नळवाहिनीच्या आवाक्यात राहत नाही, आणि अडवायला घातलेले मातीचे बांध वाहून जातात. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी नऊशे कोटींहून मोठी नवी बंद वाहिनी बांधली जात आहे. तिचा काही भाग बोगद्यातून जातो आणि ती पाणी गंभीर नदीत, धरणाच्या खालच्या बाजूला सोडणार आहे. गंभीर पुन्हा क्षिप्रेलाच मिळते.

रामघाटासाठी हे काम हवे, यात वाद नाही. पण वाहिनी पाणी शुद्ध करत नाही; ती फक्त त्याच्या मार्गातून घाट वगळते. क्षिप्रा पुढे महिदपूरला जाते, जिथे १८१७ मध्ये होळकरांची फौज इंग्रजांशी लढली. तिथून चंबळेला आणि चंबळेबरोबर गांधीसागर जलाशयात, जिथल्या मासेमारीवर अनेक कुटुंबे जगतात. चंबळ त्याआधी नागद्याच्या कारखान्यांजवळून आलेली असतेच. म्हणून सिंहस्थाच्या खर्चाचा हिशेब तपासताना रामघाटाबरोबर महिदपूर आणि गांधीसागरच्या पाण्यातला प्राणवायूही, पहाटेच्या वेळी आणि वर्षभर, मोजला गेला पाहिजे आणि ते आकडे गावागावांत फलकावर लागले पाहिजेत.