जमीनजुमला – ११ : साइट हेच ऑफिस

बिनशेतीच्या आदेशातल्या अटी आज वाचायच्या असं ठरलं होतं. त्या पुढे ढकलतो, कारण आधीचा एक भाग वाचून पलसाणा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न जास्त निकडीचा आहे. त्या कमिशनवर प्लॉट दाखवतात. पगार कुणाचाच नाही, दोन-तीन स्कीमवाल्यांचं काम एकाच वेळी चालू असतं. साइटवर गिऱ्हाइकाने त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपल्याला लागतो का, की तो फक्त ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहे, असं त्यांनी विचारलं आहे. लागतो. पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धंच उत्तर होईल. साइटवर एकट्या जाणाऱ्या बाईची सुरक्षितता हा तिच्या सावधपणाचा प्रश्न मानायचा की तिला पाठवणाऱ्याच्या जबाबदारीचा, हे आधी ठरवायला हवं. माझ्या मते ती पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि कायद्याचाही कल त्याच बाजूला आहे.

पलसाण्यात हा प्रश्न का उठावा, हे नकाशा पाहिला की कळतं. राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि धुळ्याकडे जाणारा ५३ इथे भेटतात, बुलेट ट्रेनचं सुरत स्टेशन अंत्रोलीत आहे, दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे एना गावाशी येतो. त्यामुळे चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतांच्या मधोमध बिनशेती प्लॉटच्या स्कीम उभ्या राहिल्या आहेत. उभ्या उसात रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही, आणि स्कीममध्ये कमान, डांबरी रस्ता आणि खांब सोडले तर माणूस नसतो. गिऱ्हाईक बहुधा सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीकडचं. तापी रेल्वे लाइनने आलेल्या खानदेशी कुटुंबांना आपल्या भाषेत बोलणारा दलाल हवा असतो, आणि मिलची पाळी सुटल्यावर, म्हणजे उन्हं उतरताना, साइट बघायची असते. फ्लॅट दाखवणारीला निदान वॉचमन तरी असतो, प्लॉट दाखवणारीला तोही नाही.

या धंद्यात माहितीचा तराजू सुरुवातीपासूनच एका बाजूला झुकलेला असतो. २०१६ च्या रेरा कायद्याने, नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणाऱ्या दलालालाही स्वतःची नोंदणी सक्तीची केली. ओळख, पत्ता, फोटो, सगळं तो सरकारजमा करतो. बोर्डावर आणि व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत बाईचं नाव, फोटो, मोबाइल नंबर असतो. गिऱ्हाइकाला तिच्याबद्दल सगळं ठाऊक, तिला गिऱ्हाइकाचं ठाऊक ते एक नाव आणि एक नंबर, तेही त्यानेच सांगितलेलं. लंडनच्या फुलहॅम भागातल्या एजन्सीत काम करणारी पंचवीस वर्षांची सुझी लॅम्प्लू २८ जुलै १९८६ रोजी घर दाखवायला निघाली, तेव्हा तिच्या डायरीत गिऱ्हाइकाची नोंद 'मिस्टर किपर' एवढीच होती. संध्याकाळी तिची गाडी दुसऱ्याच रस्त्यावर सापडली, सुझी मात्र कधीच सापडली नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावाने न्यास काढला. कामानिमित्त एकट्याने फिरणाऱ्यांच्या सुरक्षिततेवर तो अजून काम करतो.

'लोकेशन शेअर करून ठेवा, झालं,' असं सांगणाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेव्हर्ली कार्टर यांचं प्रकरण जरूर पाहावं. २५ सप्टेंबर २०१४ रोजी आर्कान्सा राज्यात लिटल रॉकजवळ त्या घर दाखवायला गेल्या. पत्ता नवऱ्याला ठाऊक होता. त्या परतल्या नाहीत म्हणून तो तिथे पोचला, तर गाडी दारात आणि बाई गायब. गिऱ्हाईक म्हणून बोलणी केली होती एका जोडप्याने. जोडपं म्हटलं की आपणही निर्धास्त होतोच. त्यांच्यातल्या पुरुषाला २०१६ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झाली. हीच बाई का, या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं की ती एकटी काम करायची. लोकेशनमुळे शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, पण समोर येणारा माणूस कोण आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून ओळख साइटच्या आधी पटवायची, आणि ती पटवण्याचं काम एकट्या बाईच्या गळ्यात न मारता स्कीमच्या ऑफिसने करायचं.

स्कीमवाला यावर म्हणणार की ती आमची नोकर नाही, मग आमचा संबंध काय? इथे कायद्याचा जन्म आठवावा. हा कायदा एअर कंडिशन्ड ऑफिसातून आलेला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात 'साथीन' होत्या. पगार नव्हता, तुटपुंजं मानधन होतं, आणि कामाची जागा म्हणजे गाव आणि शेतं. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल दिला. त्या निकालाच्या पायावर २०१३ चा कायदा उभा आहे, आणि त्याच्या व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवल्या आहेत. काम थेट असो वा मध्यस्थामार्फत, मोबदला मिळो न मिळो, अटी लेखी असोत वा गृहीत, ती कर्मचारीच. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा कामाचीच जागा. आणि पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. स्कीम हा विक्रीचा व्यवसाय आहे, म्हणजे ती जमीनच मुळात कामाचं ठिकाण ठरते. तीन स्कीमचं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत मालक कोण यावर वकील वाद घालतील, पण ज्याच्या साइटवर घडलं त्याला हात झटकणं सोपं जाणार नाही.

शिवाय कलम १९ आहे, जे बहुतेक बिल्डरांनी वाचलेलं नसतं. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं, हे त्यात मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्रास देणारा बाहेरचा असेल आणि बाईची इच्छा असेल, तर फौजदारी कारवाई सुरू करवणंही त्याच्याकडेच येतं. गिऱ्हाइकाला तक्रार ऐकणारी समिती नोकरीवरून काढू शकत नाही, ही या कायद्याची मर्यादा खरी. तिथे पोलीसच लागतात. पण पोलिसांत एकटीने जाणं आणि स्कीमच्या मालकाने सोबत जाणं यात किती फरक पडतो, हे सांगायला नको.

आता नेहमीची तक्रार: आधार कार्ड मागितलं की गिऱ्हाईक बिथरतं. हॉटेलात एका रात्रीच्या खोलीसाठी आपण ओळखपत्र काउंटरवर ठेवतो आणि कुणाचा अपमान होत नाही. इथे तर लाखांचा व्यवहार आहे. नोंदणी कायद्याच्या कलम ३२-अ नुसार दस्तावेजावर दोन्ही बाजूंचे फोटो आणि बोटांचे ठसे लागतातच. जी ओळख सब-रजिस्ट्रारसमोर द्यायचीच आहे, ती पहिल्या भेटीत स्कीमच्या ऑफिसात द्यायला खऱ्या खरेदीदाराची हरकत नसते. संध्याकाळीच वेळ मिळतो असं कुणी म्हटलं तर संध्याकाळी ऑफिसात नकाशा बघावा, साइट सुटीच्या दिवशी उजेडात. जाताना गाड्या वेगळ्या, आणि ठरलेल्या वेळी बाईचा फोन आला नाही तर ऑफिसातून फोन जायलाच हवा.

'मग बायकांना साइटवर पाठवूच नका' हा उपाय काळजीच्या सुरात सांगितला जातो, पण कमिशन साइटवरच पिकतं. पुण्यात नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकाने साथीदारासह बलात्कार करून खून केला. तेव्हाही, बायकांची रात्रपाळी बंद करा, असं म्हणणारे होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उलट वाट धरली: बाईची संमती असेल तर रात्री काम करू द्या, पण संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन मालकाने द्यायचं. जोखीम आहे म्हणून तिची कमाई कापायची नाही. खून विरळा असतात हेही मान्य. पण नको तिथे हात लावणं, रात्री-अपरात्री मेसेज, 'जरा मागच्या प्लॉटपर्यंत चला ना' ही लगट विरळा नाही, आणि तिच्यावरही उपाय हाच.

विचारणाऱ्या भगिनींसाठी व्यवहारातलं थोडं. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते. तिथे, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती स्वीकारायला तालुक्याला नोडल अधिकारी नेमलेला असावा असं कायदा सांगतो. तक्रार देण्याची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. तातडीची मदत लागली तर गुजरातेत १८१ अभयम्, ज्याच्या गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस येतात. आणि कमिशनचा करार तोंडी ठेवू नका, कागदावर घ्या. टक्केवारीच्या खाली दोन ओळी वाढवून घ्या: गिऱ्हाइकाची ओळख स्कीमचं ऑफिस तपासेल, आणि साइटभेटीची नोंद तिथल्या रजिस्टरात होईल. तीन स्कीम असतील तर तीन कागद. सही द्यायला जो टाळाटाळ करेल त्याची साइट दाखवायची का, ते तुम्ही ठरवा.

बिनशेतीच्या अटी पुढच्या आठवड्यात नक्की. आदेशाची प्रत घरात असेल तर तोवर शोधून ठेवा, अट क्रमांकासकट वाचायची आहे.