गोळी सोडायची, पण एका झटक्यात नको

ट्रामाडॉल ही शस्त्रक्रियेनंतर किंवा जुनाट दुखण्यावर दिली जाणारी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, गोळी. 2018 मध्ये भारताने ती एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणली. महिनोन्‌महिने रोज घेतली की शरीर तिच्यावर विसंबू लागते, अगदी चिठ्ठीबरहुकूम घेतली तरी. म्हणूनच ‘आजपासून बंद’ हा घरच्यांचा आवडता उपाय अंगाशी येतो. घाम, जुलाब, रात्रभर पाय झाडणे ही लक्षणे मनाच्या दुबळेपणाची नव्हेत, औषध तुटल्याची आहेत. अशा गोळ्या अचानक थांबवल्याने असह्य वेदनाच नव्हे, आत्महत्याही घडल्याचा इशारा अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने 2019 मध्ये दिला. तिथली आरोग्य संस्था सीडीसीच्या 2022 च्या सूचनांनुसार, वर्षभर किंवा अधिक काळ घेणाऱ्यांना महिन्याला 10 टक्के किंवा त्याहून संथ कपात जास्त सोसते.

हळूहळू म्हणजे व्यसनाला मुदतवाढ, असा आक्षेप येतो. व्यसन जडलेल्यांना उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे ओपिऑइड औषध दिले की ‘एक नशा गेली, दुसरी आली’ असेही ऐकू येते. पण या उपचाराने मृत्यू घटतात, हे अनेक देशांत दिसले आहे. खरा धोका उलट दिशेने येतो: काही आठवडे गोळी सुटली की सहनक्षमता उतरते, मग जुनाच डोस पुन्हा घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. तेव्हा घरच्यांनी पाकीट लपवू नये. रुग्णाच्या संमतीने ते स्वतःकडे ठेवावे, डॉक्टरांनी ठरवलेला डोस वेळेवर हातात द्यावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन: 14446.